जळालेल्या भागाची ओळख

चालता चालता एखादे विजेचे यंत्र एकाएकी बंद पडते. आतून 'चट्' असा आवाज येतो, धुराची बारीक रेघ वर चढते आणि खोलीभर उग्र वास पसरतो. घरातील कोणीतरी धावत जाऊन बटण बंद करतो. पुढे ते यंत्र दुरुस्तीच्या दुकानात जाते. कारागीर झाकण उघडतो, तेव्हा आतील हिरव्या पाटीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. डागाच्या मध्यभागी तारेचे दोन पाय तेवढे उभे असतात. त्या पायांच्या मध्ये जे काही होते, ते कोळसा होऊन गेलेले असते.

खरी अडचण येथून सुरू होते. तो भाग बाजारात मिळतो आणि पुष्कळदा त्याची किंमत एक-दोन रुपयांहून अधिक नसते. परंतु दुकानदारापुढे उभे राहून "मला जळालेला भाग द्या" असे म्हणून काम भागत नाही. भागाचे नाव सांगावे लागते, त्याचे माप सांगावे लागते. ही दोन्ही त्याच्या अंगावरच लिहिलेली असल्यामुळे भागाबरोबर तीही जळून जातात. मग त्या निनावी कोळशाची ओळख पटवायची कशी? अंदाजाने काहीतरी बसवून पाहणारे लोक असतात. त्यांचे यंत्र कधी चालतच नाही. कधी चालते, आणि महिन्याभराने रात्री, घरची माणसे झोपलेली असताना, पुन्हा पेट घेते. म्हणून ही ओळख नेमकी पटवावी लागते. ती कशी पटवतात, हे आपण पाहू.

यंत्रातील या पाटीला सर्किट बोर्ड म्हणतात. पूर्वीच्या रेडिओत एक भाग दुसऱ्या भागाला तारेने जोडलेला असे, आणि झाकण उघडले की सुगरणीच्या घरट्यासारखे तारांचे जंजाळ दिसे. मूळचे व्हिएन्नाचे अभियंते पॉल आयस्लर यांनी लंडनमध्ये असताना, १९३६ साली, तारांऐवजी पाटीवर तांब्याच्या चपट्या रेषा ठेवून एक रेडिओ तयार केला. आजच्या बोर्डांची जात तीच. काचेच्या तंतूंचे कापड आणि एपॉक्सी नावाची राळ यांची ही पाटी असते. तिच्यावरील तांब्याचा थर साधारणपणे ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या जवळजवळ तिसाव्या हिश्शाइतका पातळ असतो. या तांब्याच्या वाटांवर निरनिराळे भाग डाखाने चिकटवलेले असतात.

त्यांतील मुख्य मंडळींची ओळख करून घेतली पाहिजे. विजेच्या प्रवाहाला आवर घालतो तो रोधक. दुकानात त्याला सर्रास 'रेझिस्टन्स' म्हणतात. कपॅसिटर वीज थोडा वेळ साठवून ठेवतो. डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतो. ट्रान्झिस्टर लहानशा प्रवाहाच्या हुकमाने मोठा प्रवाह कमी-अधिक करतो. असे कित्येक ट्रान्झिस्टर एकाच काळ्या वडीत भरलेले असले की तिला आयसी म्हणतात. फ्यूजचे काम तर तुम्हांला ठाऊकच आहे.

हे सारे सांगण्यापूर्वी एक गोष्ट बजावून ठेवतो. आपल्या घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि क्षणोक्षणी तिचा दाब ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो. तो दाब आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तेथेच दबा धरून बसतो. बंद यंत्राचा धक्का बसतो तो यामुळे. यासाठी घरच्या विजेवर चालणारे यंत्र तुम्ही स्वतः कधीही उघडू नये. हौस असेल त्याने पेन्सिल सेलवर चालणारे मोडके खेळणे किंवा टाकाऊ रिमोट घ्यावा, नाहीतर जाणत्या कारागिराशेजारी बसून पाहावे. पाहूनही पुष्कळ शिकता येते.

चांगल्या कारागिराची पहिली खूण ही की तो डाग पुसत नाही. घरात चोरी झाली असता पंचनामा होईपर्यंत वस्तू हलवू नयेत, असे सांगतात ना? तसेच हे आहे. तो प्रथम बोर्ड उजेडात धरतो, भिंगातून पाहतो आणि पूर्वी कागदावर आकृती काढीत, तसे आता मोबाइलवर छायाचित्र घेतो. काजळी कोणत्या बाजूला अधिक आहे? झाकणाच्या आतील अंगाला तिचा ठसा नेमका कोठे उमटला आहे? जो भाग काळा दिसतो तोच जळाला असे मात्र नव्हे. शेजाऱ्याच्या घरची आग, आणि धुराने काळी झालेली भिंत आपली, असाही प्रकार असतो. म्हणून छायाचित्र घेऊन झाले की स्पिरिट आणि मऊ ब्रश यांनी तो काजळी हळूहळू काढतो. धुतल्यावर जो भाग पूर्ववत् स्वच्छ दिसतो तो सुटला. ज्याचे कवच फुटलेले, सोललेले किंवा खचलेले आढळते तो खरा जळालेला.

नाकाचाही उपयोग होतो. जळक्या राळेचा वास वेगळा. काही कपॅसिटरांतील द्रव बाहेर सांडला तर मासळीसारखा वास येतो. फ्यूज काचेच्या नळीचा असेल तर तो फार बोलका साक्षीदार होय. आतील तार मधेच तुटलेली आणि काच स्वच्छ असली, तर प्रवाह थोडासाच वाढला होता असे समजावे. परंतु काच आतून काळी किंवा पाऱ्यासारखी चकचकीत झाली असेल, तर क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहून तारेची वाफ झाली, असा त्याचा अर्थ. म्हणजे पुढे कोठेतरी विजेला सरळ, अडवणूक नसलेली वाट मिळाली होती.

आता जळालेल्या भागाकडे वळू. त्याच्या अंगावरचे लिखाण गेले असले, तरी तो ज्या जागी राहत होता ती जागा शिल्लक असते. बोर्डावर प्रत्येक भागाशेजारी पांढऱ्या रंगात एक इंग्रजी अक्षर आणि एक क्रमांक छापलेला असतो. रोधकाला 'आर', कपॅसिटरला 'सी', डायोडला 'डी', तारेच्या वेटोळ्याला 'एल', फ्यूजला 'एफ', आयसीला 'यू' आणि ट्रान्झिस्टरला 'क्यू'. ट्रान्झिस्टरला 'टी' का नाही, असे तुम्ही विचाराल. 'टी' हे अक्षर ट्रान्स्फॉर्मरच्या वाट्याला आले आहे! हे अक्षरही जळाले असेल तर शेजारीपाजारी चौकशी करावी. डावीकडे 'आर १४' आहे, उजवीकडे 'आर १६' आहे आणि 'आर १५' बोर्डावर इतरत्र कोठेच सापडत नाही. मग मधला कोळसा कोणाचा असावा, हे शाळेचा हजेरीपट पाहिलेल्या मुलाला सांगावे लागणार नाही.

जमिनीवरील खुणाही पाहाव्यात. भोके दोन आहेत की तीन? तीन असतील तर बहुधा तेथे ट्रान्झिस्टर होता. पाटीवर वर्तुळ छापलेले असून त्याचा अर्धा भाग रंगवलेला असेल, तर तेथे उभ्या डबीसारखा कपॅसिटर होता आणि रंगवलेली बाजू बहुधा ऋण टोकाची. चौकोनाच्या एका अंगाला आडवी रेघ असेल तर डायोड. तांब्याची वाट रुंद असेल तर तेथून मोठा प्रवाह जात असला पाहिजे, आणि दोऱ्यासारखी बारीक असेल तर लहान. गाव उठून गेले तरी पांदीवरून गाडीवाट कोणती आणि पायवाट कोणती हे कळते, तसाच हा प्रकार आहे.

जात कळली, पण माप राहिले. रोधकाचे माप ओहममध्ये मोजतात आणि ते त्याच्या अंगावर अंकांनी न लिहिता रंगीत पट्ट्यांनी लिहिण्याची पद्धत आहे. काळा म्हणजे ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८ आणि पांढरा ९. पहिले दोन पट्टे दोन अंक सांगतात आणि तिसरा पट्टा पुढे किती शून्ये मांडायची ते सांगतो. पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असले तर ४, ७ आणि पुढे एक शून्य, म्हणजे ४७० ओहम. चौथा पट्टा सोनेरी असेल, तर प्रत्यक्ष माप या आकड्याच्या ५ टक्के वर किंवा खाली असू शकते. रोधकाची गोल कांडी कशीही फिरली तरी पट्टे दिसतात, ही या पद्धतीची सोय. मात्र तिच्यात एक खोट आहे. ताप लागला की लाल आणि नारिंगी हे रंग काळवंडून तपकिरीसारखे दिसू लागतात. त्यामुळे भाजलेल्या रोधकाच्या रंगांवर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही.

येथे कारागिराच्या मदतीला एक गंमतीची गोष्ट येते. कारखाने वाटेल त्या मापाचे रोधक बनवीत नाहीत. नेहमीच्या वापरातील मालिकेत बाराच आकडे आहेत : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२. या आकड्यांपुढे हवी तेवढी शून्ये येतात. हे वेडेवाकडे आकडे कोणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. प्रत्येक रोधक १० टक्के खाली-वर असू शकतो असे धरले, तर १० चा रोधक ११ पर्यंत पोहोचतो आणि १२ चा रोधक १०.८ पर्यंत खाली येतो. अशा रीतीने एकाची हद्द संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते आणि १० पासून १०० पर्यंतची जवळजवळ सगळी जागा बारा जणांत वाटली जाते. आता यादी पुन्हा पाहा. ४ ने सुरू होणारा आकडा एकच आहे. ५, ६ आणि ८ यांनी सुरू होणाराही एकेकच. ७ आणि ९ यांनी सुरू होणारा एकही नाही. म्हणजे जळालेल्या रोधकावरचा केवळ पहिला पट्टा जरी वाचता आला आणि तो पिवळा निघाला, तरी दुसरा पट्टा न पाहताच तो जांभळा असणार, असे बहुधा म्हणता येते. याहून बारीक मालिकाही आहेत, आणि त्यांत ४३ सारखे आकडे येतात. परंतु साध्या यंत्रांत या बारांचीच वर्दळ अधिक असते.

मी पाहिलेला एक प्रसंग येथे सांगतो. एका शाळेचे स्नेहसंमेलन दोन दिवसांवर आले होते. तालमीच्या वेळी अॅम्प्लिफायरमधून धूर आला आणि उजवीकडचा कर्णा अबोल झाला. नवा अॅम्प्लिफायर आणण्याइतके पैसे शाळेपाशी नव्हते. दोन मुले ती पेटी गावातील एका वयस्क कारागिराकडे घेऊन गेली. मीही सोबत होतो. पेटी उघडली तेव्हा एक रोधक मधोमध जळून काळा पडलेला दिसला. त्याच्या एका टोकाला पिवळा पट्टा तेवढा शाबूत होता.

"काका, हा काढून नवा बसवला की झाले ना?" एका मुलाने विचारले.

"बाळ, आधी हा कोण होता ते कळू दे. मग तो का मेला ते विचारू. बसवण्याचे काम सगळ्यांत शेवटचे," कारागीर म्हणाले.

त्यांनी तो रोधक हलक्या हाताने सुटा केला आणि चाकूच्या टोकाने त्याचा वरचा लेप खरवडला. आत चिनी मातीची कांडी असते आणि तिच्यावर कार्बनचा पातळ थर मळसूत्राच्या आट्यांसारखा दिलेला असतो. तो बहुधा मध्यभागी जळतो, कारण टोकांकडची उष्णता तारेच्या पायांतून निघून जाते आणि मधली कोंडून राहते. त्यामुळे दोन्ही टोकांकडचा थर पुष्कळदा शिल्लक असतो. कारागिरांनी मीटरची एक सुई डाव्या टोकाला आणि दुसरी जळक्या जागेच्या काठाला लावली. मीटरने २०५ ओहम दाखवले. उजव्या बाजूने मोजले तेव्हा २३५ भरले. दोन्ही मिळून ४४० झाले. मधला जळालेला तुकडा यात धरलेला नाही. तो धरला तर मूळ माप ४४० पेक्षा थोडे अधिकच असणार. मालिकेत ४४० च्या वरचा पहिला आकडा कोणता? ४७०. पहिला पट्टा पिवळा होता, तोही हेच सांगत होता. एरवी तो पट्टा ४७, ४७० किंवा ४७०० यांपैकी कशाचाही असू शकला असता. मोजमापाने तो प्रश्न मिटवला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. या अॅम्प्लिफायरमध्ये डाव्या आणि उजव्या कर्ण्यांसाठी दोन सारखी मंडले होती, जुळ्या भावांसारखी. डाव्या मंडलात त्याच जागी असलेला रोधक धडधाकट होता. त्याचा एक पाय मोकळा करून तो मोजला. पाय मोकळा न करता मोजले असते, तर वीज बोर्डावरच्या इतर वाटांनीही फिरून आली असती आणि मीटरने खोटा, कमी आकडा दाखवला असता. माप ४६६ भरले. पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी. ओळख पक्की झाली.

असे जुळे सापडले तर ते देवासारखे धावून आले म्हणायचे. ते नसेल तर त्याच कंपनीचे, त्याच जातीचे दुसरे यंत्र शोधावे लागते किंवा बोर्डाचा नकाशा मिळवावा लागतो. जुन्या रेडिओंपैकी कित्येकांच्या पेटीत हा नकाशा आतल्या बाजूला चिकटवलेला असे. हल्लीच्या यंत्रांबरोबर तो क्वचितच मिळतो, आणि माझ्या मते हे ग्राहकांवर अन्याय करणारे आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, ते याच अडचणीकडे पाहून. आजच्या बोर्डांवरचे भाग तर बाजरीच्या दाण्याएवढेही असतात. त्यांतील रोधकांवर '१०३' असे अंक असतात, म्हणजे १० आणि पुढे तीन शून्ये, एकूण १०,००० ओहम. परंतु तसल्या बारीक कपॅसिटरांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. तेथे जुळ्याचा किंवा नकाशाचाच आधार.

आता दुसरा प्रश्न : तो का मेला? हा रोधक पाव वॅटचा होता. पाव वॅटपर्यंतची उष्णता तो सोसू शकतो, त्यापुढे नाही. रोधकात किती उष्णता निर्माण होते हे काढण्याची रीत सोपी आहे. त्याच्या दोन टोकांमधील दाबाच्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे आणि रोधाच्या आकड्याने भागावे. उत्तर वॅटमध्ये येते. एरवी या रोधकावर एखादा व्होल्ट दाब असे, म्हणजे १ भागिले ४७०. ही उष्णता बोटालाही जाणवणार नाही. पण त्या अॅम्प्लिफायरमधील पूर्ण दाब २४ व्होल्टांचा होता. तो सगळा जर या रोधकावर आला, तर २४ गुणिले २४ म्हणजे ५७६, आणि त्यास ४७० ने भागले की सव्वा वॅटच्या जवळपास. सोसण्याची ताकद पाव वॅट आणि पदरी आले त्याच्या जवळजवळ पाचपट! मग तो जळेल नाही तर काय होईल?

परंतु पूर्ण दाब त्याच्यावर आला कसा? कारागिरांनी शेजारचा मोठा ट्रान्झिस्टर तपासला. तो बाहेरून अगदी नव्यासारखा दिसत होता. त्यावर डाग नव्हता, चीर नव्हती. पण त्याच्या ज्या पायांमधून वीज सरळ जाता कामा नये, तेथेच मीटर सारखा वाजू लागला. आतून तो वितळून एकजीव झाला होता. वरून साजरा दिसणारा तो भाग खरा बिघडलेला होता आणि काळा पडलेला रोधक त्याच्यापायी गेला होता. आणि ट्रान्झिस्टर तरी का बिघडला? दुसऱ्या दिवशी मुलांनी कर्ण्याची तार तपासली. रंगमंचाच्या खांबाला घासून तिचे वेष्टण सोलले होते आणि आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. उजव्या कर्ण्याचा सगळा भार त्यामुळे ट्रान्झिस्टरवर पडला. केवळ रोधक बदलला असता, तर पेटी चालू करताच तोही जळाला असता. ट्रान्झिस्टर आणि रोधक दोन्ही बदलले असते, पण तार तशीच राहिली असती, तर पहिल्या गाण्याबरोबर पुन्हा धूर निघाला असता.

काही भाग मात्र जळण्यासाठीच नेमलेले असतात. टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डावर, वीज जेथून आत येते तेथे, फ्यूजच्या अगदी जवळ, पुष्कळदा एक चपटी गोल चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात. कारागीर 'एमओव्ही' म्हणतात. नेहमीच्या दाबाला ती वीज अडवून धरते. दाब मर्यादेबाहेर चढला की तीच वीज स्वतःच्या अंगातून वाहू देते, त्यामुळे फ्यूज उडतो आणि पुढचे यंत्र वाचते. अशा वेळी तिच्या ठिकऱ्या उडतात आणि ओळखायला दोन पायच उरतात. तरीही फ्यूजच्या पुढे, येणाऱ्या दोन तारांच्या मध्ये आडवी असलेली ही जागा पाहून जाणकार तिचे नाव सांगतो. तिचा तुकडा सापडला आणि त्यावर '१४ डी ४७१' असे असले, तर चकती १४ मिलिमीटर व्यासाची, आणि ४७ पुढे एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्टांची. एकाच आळीतील तीन-चार घरांत एकाच संध्याकाळी अशा चकत्या फुटल्या, तर दोष टीव्हीचा नसतो. खांबावरची न्यूट्रलची तार तुटली असेल, तर काही घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टांच्या आसपास दाब जाऊ शकतो. त्या वेळी वीज मंडळाच्या कचेरीला आधी कळवावे आणि टीव्ही मागाहून दुकानात न्यावा.

जळालेली वस्तू हाती नसतानाही ओळख पटवावी लागल्याचे एक उदाहरण फार प्रसिद्ध आहे. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेचे अपोलो १३ हे यान चंद्राकडे निघाले होते. त्यात जेम्स लोव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ हे तीन अंतराळवीर होते. पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून अधिक दूर असताना त्याच्या प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला. चांद्रयानाचा आसरा घेऊन तिघेही १७ एप्रिलला सुखरूप परतले. पण टाकी असलेला यानाचा भाग परतीच्या वाटेवर वातावरणात जळून नाहीसा झाला. चौकशी करणाऱ्यांपाशी कोळसासुद्धा नव्हता. त्यांच्यापाशी होते ते यानातून शेवटपर्यंत येत राहिलेले दाबाचे आणि तापमानाचे आकडे, त्या टाकीच्या जन्मापासूनची कागदपत्रे आणि तिच्यातल्यासारखेच दुसरे भाग.

कागदपत्रांतून एक विसंगती वर आली. टाकीत द्रव तापवण्यासाठी विजेचे तापक होते आणि तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसवर गेले की ते बंद करणाऱ्या कळी होत्या. या कळी २८ व्होल्टांसाठी बनवलेल्या होत्या. पुढे जमिनीवरच्या तयारीत ६५ व्होल्ट द्यायचे ठरले, पण कळी बदलायच्या राहून गेल्या. उड्डाणापूर्वी, मार्च १९७० मध्ये, टाकी रिकामी करण्यासाठी तापक सुमारे आठ तास चालू ठेवले गेले. कळी उघडण्याच्या क्षणी ६५ व्होल्टांच्या ठिणगीने त्यांचे धातूचे ओठ एकमेकांना चिकटले. त्या पुन्हा उघडल्याच नाहीत. आत तापमान काही ठिकाणी ५०० अंशांच्याही वर गेले असावे; परंतु बाहेरचा मापक २७ अंशांपुढे दाखवूच शकत नव्हता, म्हणून पाहणाऱ्यांना सारे ठीक वाटले. त्या तापाने पंख्याच्या तारांवरचे वेष्टण तडकले. पुढे अंतराळात पंखा सुरू करताच ठिणगी पडली आणि प्राणवायूने भरलेल्या टाकीत वेष्टणाने पेट घेतला. तपासणाऱ्यांनी तसल्याच कळींना जमिनीवर ६५ व्होल्ट देऊन पाहिले, आणि त्या तशाच चिकटल्या. जळाली ती तार होती, बिघडली होती ती कळ, आणि त्या दोहोंच्या मागे होता न बदललेला एक आकडा.

आपल्या गावच्या दुकानातही याच रीतीने काम पुरे होते. ओळख पटली, कारण सापडले, की नवा भाग बसवायचा. रोधक त्याच ओहमचा आणि त्याच्याइतक्या किंवा त्याहून अधिक वॅटचा घ्यावा. कपॅसिटर त्याच मापाचा, पण व्होल्टांचा आकडा मूळच्याइतका किंवा त्याहून मोठा; लहान कधीही नाही. काही रोधक फ्यूजसारखे तुटण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांच्या जागी त्याच जातीचा लावावा, साधा लावू नये. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्या माणसाच्या हाती तर मी शाळेची घंटासुद्धा देणार नाही. नवा भाग बसवण्यापूर्वी पाटीवरचा जळका थर पांढरी बाजू दिसेपर्यंत खरवडून काढतात, कारण कोळशातून वीज वाहते आणि तो राहिला तर त्याच जागी पुन्हा ठिणगी पडते.

यानंतर यंत्र एकदम विजेला जोडत नाहीत. कारागिराच्या टेबलावर एक जुना, तारेचा, साठ किंवा शंभर वॅटचा दिवा टांगलेला तुम्ही पाहिला असेल. एलईडी दिव्याचा येथे उपयोग नाही. वीज आधी त्या दिव्यातून आणि मग यंत्रात जाईल, अशी जोडणी केलेली असते. यंत्रात अजून सरळ वाट शिल्लक असेल, तर सगळा दाब दिवा स्वतःवर घेतो आणि लख्ख पेटतो. बोर्डाला इजा होत नाही. दोष दूर झाला असेल, तर आतले मोठे कपॅसिटर भरेपर्यंत दिवा क्षणभर उजळतो आणि लगेच मंद होतो. अॅम्प्लिफायर जोडला त्या वेळी दोन्ही मुले यंत्राकडे न पाहता त्या दिव्याकडे पाहत होती. तो उजळला, आणि विझत आल्यासारखा होऊन तांबूस राहिला. मग कारागिरांनी उजव्या कर्ण्याची तार उचलली.